'एकदा बघून येते': मंत्रचळ कसा चालतो आणि कुठे अडवता येतो

समजा, नवी मुंबईतल्या करावे गावठाणातलं एक घर. सकाळची घाई. घरची सून कामाला निघाली आहे. सीवूड्स स्टेशन गाठायचं आणि लोकल पकडायची. गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं, जिना उतरली. गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मनात आलं, शेगडीचं बटण पुरतं फिरलं होतं ना? वर गेली, पाहिलं, बंद होतं. खाली आली, पुन्हा तेच. मग तिने मोबाइलवर बटणाचा फोटो काढून घेतला. प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोटो उघडला, मोठा करून पाहिला आणि नवीनच शंका आली: हा फोटो आजचाच ना, की कालचा?

ही सून मी रचलेली आहे. पण तिच्या फेऱ्या, तिचा फोटो आणि फोटोवरही न बसणारा तिचा विश्वास, हे सगळं मनोविकारतज्ज्ञांना नेहमी ऐकायला मिळतं. या आजाराला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात. आपली जुनी माणसं मंत्रचळ म्हणतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना तो असल्याचं आढळलं. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. गावठाणाच्या चार गल्ल्या आणि पलीकडच्या दोन-तीन सोसायट्या धरल्या, तर अशी काही माणसं तिथेही असणार. त्यातल्या बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेलं नसतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. उशांचे अभ्रे जुळलेले हवेत, ओटा लखलखीत हवा, याला ओसीडी म्हणत नाहीत. नीटनेटक्या माणसाला आवरून झाल्यावर बरं वाटतं. ओसीडी असलेला माणूस हात धुऊन झाल्यावर थकलेला असतो, खजील असतो आणि तरीही पुन्हा नळाकडे निघालेला असतो. त्याला ते करायचं नसतं. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजायला सोपं जाईल.

हा आजार एका वर्तुळासारखा चालतो. आपण ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी विचाराची. नको असलेला, न बोलावता आलेला विचार. कधी तो शब्दांत येतो, कधी चित्र दिसतं, कधी नुसती ऊर्मी असते. वैद्यकात याला ऑब्सेशन म्हणतात. आपण 'चिकट विचार' म्हणू. पण चिकट तो नंतर होतो. सुरुवातीला तो अगदी साधा असतो आणि सगळ्यांनाच येतो. गाडी येताना फलाटाच्या कडेला उभं असताना 'उडी मारली तर?' असं मनात चमकून जातं. विळीवर मासळी कापताना शेजारी खेळणाऱ्या लेकराकडे पाहून अंगावर काटा येईल असं काहीतरी डोक्यात येतं. देव्हाऱ्यासमोर हात जोडले की नेमका एखादा अभद्र शब्द आठवतो. रॅकमन आणि डि सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कुठलाही आजार नसलेल्या लोकांना याबद्दल विचारलं. बहुसंख्यांनी असे विचार येतात असं सांगितलं. विचारांचे विषयही रुग्णांना छळणाऱ्या विचारांसारखेच होते. तेव्हा असा विचार येणं म्हणजे आजार नव्हे.

दुसरी पायरी अर्थाची. बहुतेक जण तो विचार झटकून पुढे जातात. उरलेले तिथेच थबकतात: 'असा विचार मला आलाच कसा? म्हणजे माझ्या मनात तसंच काहीतरी असणार. आणि मी काळजी घेतली नाही, काही झालं, तर दोष माझाच.' विचार येणं आणि कृती करणं यांतला फरकच पुसला जातो. गंमत अशी की हे ज्यांच्या बाबतीत घडतं ती माणसं बहुधा जास्तच जबाबदार, जास्तच पापभीरू असतात. ज्याला लेकराची पर्वा नाही त्याला विळीचा विचार छळत नाही.

इथेच पहिली चूक होते. माणूस तो विचार जोर लावून दाबायला जातो. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटं दिली आणि सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. कुणालाच ते धड जमलं नाही. मग पुढच्या पाच मिनिटांत अस्वलाचा विचार करायला सांगितल्यावर, आधी तो दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात अस्वल उलट जास्तच येत राहिलं. म्हणून 'तो विचार मनातून काढून टाक' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला कितीही मायेचा असला तरी उपयोगाचा नाही.

तिसरी पायरी अस्वस्थतेची. छातीत धडधड, पोटात गोळा, तळहाताला घाम. काहींना भीती वाटते, काहींना किळस येते. काहींना यातलं काहीच होत नाही, नुसतं 'हे बरोबर झालं नाही' असं वाटत राहतं: पाऊल चुकीच्या पायाने पडलं, चप्पल तिरकी राहिली, अक्षर हवं तसं आलं नाही. हा शेवटचा प्रकार मुलांमध्ये बराच दिसतो आणि त्यांना तो शब्दांत सांगता येत नाही.

चौथी पायरी कृतीची. अस्वस्थता घालवण्यासाठी करावीच लागते अशी कृती, म्हणजे कम्पल्शन. धुणं, तपासणं, मोजणं, ओळीत लावणं, पुन्हा पुन्हा विचारणं. या कृती डोळ्यांना दिसतात. पण बऱ्याच कृती मनातल्या मनात चालतात आणि घरच्यांना कळतसुद्धा नाहीत. वाईट विचार आला की ठरलेलं नाव ठरलेल्या वेळा घ्यायचं. सकाळचा प्रसंग आठवून 'मी त्याला धक्का दिला नाही ना' हे पहिल्यापासून तपासायचं. 'देवा माफ कर' असं म्हणायचं, आणि म्हणताना लक्ष विचलित झालं तर पुन्हा पहिल्यापासून. अशी माणसं बाहेरून शांत, फार तर जरा हरवलेली दिसतात. कित्येकदा त्यांना स्वतःलाही हा ओसीडी आहे हे कळत नाही, कारण 'मी तर हात धूत नाही.' हल्ली मोबाइलवर लक्षणं शोधत राहणं हीही तशीच एक कृती झाली आहे.

पाचवी पायरी सुटकेची, आणि हिच्यापाशी जरा थांबू, कारण सगळी गोम इथे आहे.

सुनेने वर जाऊन बटण पाहिलं. बंद होतं. हुश्श झालं. त्या एका क्षणात मेंदू दोन गोष्टी शिकला. पहिली, धोका खरा होता. दुसरी, आपण पाहिलं म्हणून वाचलो. आग लागली नाही ती बटण आधीच बंद होतं म्हणून, हे मेंदूच्या गावीही नसतं; त्याच्या हिशेबी आग लागली नाही ती वर जाऊन पाहिल्यामुळे. पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते, आणि तेवढ्याच समाधानासाठी एकाऐवजी दोनदा पाहावं लागतं. खरूज खाजवावी तसं हे आहे: खाजवताना बरं वाटतं आणि त्यानेच खाज वाढते.

तपासून खात्री वाढते असं आपल्याला वाटतं. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये हेच तपासून पाहिलं, आणि तेही गॅसच्या शेगडीवर. त्यांनी निरोगी लोकांना संगणकाच्या पडद्यावरची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटच्या खेपेला काय केलं हे लोकांना बरोबर सांगता येत होतं, पण ती आठवण फिकट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास उडाला होता. म्हणजे शंका आली म्हणून तपासावं, तर तपासण्यानेच शंका वाढते. सुनेच्या फोटोचं हेच झालं. रोजचे फोटो सारखेच, मग आजचा कुठला?

सहावी पायरी पसरण्याची. आधी माणूस कृती वाढवतो, मग प्रसंगच टाळायला लागतो. शेवटी घराबाहेर पडणारी व्यक्ती आपण असू नये, म्हणून सून नवऱ्याच्या आधी निघते. विळीचा विचार येणारी आई मासळी कापायचं सोडते, मग बाळाला एकटीने आंघोळ घालायचं सोडते. हाताला घाण लागेल म्हणून कोणी लोकलमधली दांडी धरत नाही, पुढे लोकलच सोडतो, पुढे नोकरी. ओसीडीने आयुष्य लहान होतं ते कृतींपेक्षाही या टाळण्याने.

आणि मग घर त्यात ओढलं जातं. आई बाहेरून आल्यावर दारातच कपडे बदलते, कारण मुलाला चालत नाही. नवरा स्टेशनवरून फोन करून सांगतो, 'हो गं, बंद आहे, मी पाहिलं.' बहीण दिवसातून वीसदा 'नाही, तू काही वाईट केलं नाहीस' म्हणते. हे प्रेमापोटीच होतं. पण प्रत्येक उत्तर म्हणजे आयती मिळालेली सुटका. आजाराला ते कृतीइतकंच मानवतं.

आपल्याकडे या आजाराला लपायला एक वेगळीच सोय आहे. महापालिकेचं मोरबे धरण असल्यामुळे नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत पाण्याची तशी ददात नाही. दुष्काळी गावात दोन तास नळ चालू राहिला तर घर लगेच जागं होतं. इथे ते वर्षभर खपून जातं. साबणाच्या वड्या भराभर संपायला लागल्या, हाताची कातडी कोरडी पडून भेगाळली, म्हणजे मगच कुणाच्या तरी लक्षात येतं.

आता आजार म्हणायचं कधी? डॉक्टर ढोबळमानाने तीन गोष्टी पाहतात. विचार आणि कृती मिळून दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ खातात का. त्यांचा मनस्ताप होतो का. काम, शाळा, संसार, झोप यांत ते आडवे येतात का. परगावी निघताना कुलूप दोनदा ओढून पाहणारे आपण सगळे यात मोडत नाही.

सुरुवात बहुधा लहानपणी किंवा पंचविशीच्या आत होते. मुलग्यांमध्ये ती मुलींपेक्षा लवकर दिसते. वहीचं पान खोडून खोडून फाडणारा, एकच परिच्छेद दहादा वाचणारा, पेपर अर्धवट सोडून येणारा मुलगा आळशी ठरतो. हुशार असला तर 'फार काळजीपूर्वक करतो' असं कौतुकही होतं. दोन्ही वेळा आजार सुटून जातो. पस्तिशीनंतर पहिल्यांदाच लक्षणं दिसली तर मात्र डॉक्टर शरीराचा आणि मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना, हेही पाहतात.

बाळंतपणानंतरचा काळ विशेष नाजूक. नव्या आईला बाळाला इजा होण्याचे विचार येतात, ती घाबरून बाळापासून लांब राहते, आणि सासरच्यांना वाटतं, हिला मूल नकोसं झालंय. विचार तिला नको असेल, त्याने ती हादरत असेल, तर तो तिच्या हेतूचा पुरावा नाही. पण आईला बाळाबद्दल विचित्र गोष्टींची पक्की खात्री वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील, झोप पार उडाली असेल आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. त्या दिवशीच दवाखाना गाठायचा.

नकोसा विचार की पक्की खात्री, हा फरक इतरत्रही उपयोगी पडतो. ओसीडी असलेल्या बहुतेकांना कुठेतरी कळत असतं की हे अति होतंय. म्हणूनच ते लपवतात. काहींची ही जाण पुसट होते आणि ते ठामपणे भांडतात, पण तेही ओसीडीच असू शकतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांत एक अडचण हमखास येते: श्रद्धा कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? माझ्या मते कसोटी अशी. पूजेला शेवट असतो. आरती झाली, प्रसाद वाटला, माणूस पाटावरून समाधानाने उठतो, आणि उद्या तापात पूजा राहिली तरी घरचे वडीलधारेच म्हणतात, देव समजून घेईल. मंत्रचळात शेवट येतच नाही. एक शब्द चुकला म्हणून स्तोत्र पुन्हा, पाण्याचा थेंब उडाला म्हणून आंघोळ पुन्हा. आणि घरातली सगळ्यात धार्मिक आजीसुद्धा म्हणते, 'बाळा, आता पुरे.' आजी असं म्हणायला लागली की तो धर्माचा प्रश्न राहिलेला नसतो.

मेंदूत काय बिघडतं ते थोडक्यात सांगतो. कपाळामागचा चुका हेरणारा भाग आणि मेंदूच्या आतले सवयी सांभाळणारे भाग यांच्यातली साखळी गरजेपेक्षा जास्त चालू राहते. थोडा वाटा अनुवंशिकतेचाही असतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की गोळ्यांनी बरे झालेल्यांच्या आणि निव्वळ वर्तनोपचाराने बरे झालेल्यांच्या मेंदूच्या प्रतिमांत सारखाच बदल दिसतो. 'हे मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांना आणि 'गोळ्यांशिवाय काही होत नाही' म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे सांगण्यासारखं आहे.

आता उपचार. आपल्या भागात बऱ्याचदा पहिली वारी भगताकडे होते: बाहेरचं काही लागलंय का ते बघायला. यात हसण्यासारखं काही नाही. घाबरलेलं घर ओळखीच्या दाराकडेच जातं. पण अंगारा, उतारा आणि दर आठवड्याचा नवा नियम मंत्रचळ असलेल्याच्या हाती दिला, तर त्याला पाळायला आणखी एक कृती मिळते. दुसरी वारी त्वचारोगतज्ज्ञाकडे, हाताच्या भेगांसाठी. मलम मिळतं, कारण तसंच राहतं.

जायचं ते मनोविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे सायकिअॅट्रिस्टकडे. ते डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात. बोलून आणि सराव करवून उपचार करणारे ते मानसशास्त्रज्ञ. नेरुळला डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्याला १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून दचकू नका, तिथे रोज बाह्यरुग्ण येतात आणि औषध घेऊन घरी जातात. ठाण्यातच मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे. सीवूड्सहून ठाण्याची थेट लोकल मिळते.

गावात कळेल ही भीती मोठी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं, असं तोच कायदा सांगतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर बराच वेळ प्रश्न विचारतात. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ओसीडी दिसत नाही, त्यामुळे सांगणंच महत्त्वाचं. येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, शून्य ते चाळीस गुणांची. सोळापासून पुढे त्रास मध्यम आणि चोविसापासून पुढे तीव्र मानतात. इथे माणसं हमखास अडखळतात. हात धुण्याचं सांगतात, पण देवाबद्दलचा किंवा शरीरसंबंधांबद्दलचा विचार गिळून टाकतात. डॉक्टरांनी हे पुष्कळदा ऐकलेलं असतं. सांगितलं नाही, तर उपचार अर्ध्याच आजारावर होतो.

औषधं एसएसआरआय गटातली असतात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन वगैरे. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर ती काम करतात. क्लोमिप्रामिन हे जुनं औषधही चांगलं, पण त्याचा त्रास जरा जास्त. ही झोपेची औषधं नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. ओसीडीला डोस बहुधा नैराश्याच्या डोसापेक्षा जास्त लागतो, तेव्हा तो वाढवला की 'आजार वाढला' असं समजू नये. आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तर मळमळ, झोपेतला फरक, पोट बिघडणं हे पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. त्रास आधी, फायदा नंतर. म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या कचऱ्यात जातात. तेवढे दिवस कसे काढायचे ते डॉक्टरांना विचारा, पण गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. बरं वाटल्यावरही किमान वर्ष-दोन वर्षं त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

गोळ्यांनी साधारण निम्म्या जणांना चांगला फरक पडतो, पण लक्षणं बहुतेकदा पूर्ण जात नाहीत. वर्तुळ तोडायचं काम वर्तनोपचार करतो. त्याचं नाव ईआरपी: भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या दोन रुग्णांवर केलेला हा प्रयोग प्रसिद्ध केला, तोवर ओसीडीवर धड उपाय नव्हता.

तो असा चालतो. सून आणि तिची मानसशास्त्रज्ञ एक यादी करतात आणि प्रत्येक प्रसंगाला भीतीचे गुण देतात. बाथरूमचा दिवा एकदाच बंद करून निघणं, वीस. कुलूप एकदा लावून न ओढता निघणं, चाळीस. गॅस एकदा बंद करून फोटो न काढता निघणं, साठ. सगळ्यांच्या शेवटी घराबाहेर पडणं आणि दिवसभर घरी फोन न करणं, नव्वद. सुरुवात खालून. गॅस उघडा ठेवायला कुणी सांगत नाही. बाकीचे लोक जेवढी काळजी घेतात तेवढीच घ्यायची, इतकंच.

मग ती दिवा बंद करून निघते. भीती चढते. गल्लीच्या तोंडाशी पाय मागे वळू बघतात. ती वळत नाही. भीती आणखी चढते, काही वेळ तशीच टांगून राहते, आणि वर न जाताही ओसरायला लागते. मेंदूला पहिल्यांदाच नवा हिशेब मिळतो: पाहिलं नाही, तरी काही झालं नाही; आणि ही घालमेल सोसवते. हेच रोज करायचं. काही दिवसांनी त्या वीस गुणांचे पाच होतात आणि यादीतली पुढची ओळ घ्यायची.

यात बिघाड कुठे होतो? सगळ्यात जास्त वेळा, भीती ऐन भरात असताना माणूस माघार घेतो. मग मेंदू जुनाच धडा पक्का करतो. म्हणून झेपेल तेवढीच पायरी घ्यावी. दुसरं, हात धूत नाही पण मनातल्या मनात नाव घेतो. म्हणजे कृती झालीच. तिसरं, सोबत आलेली बहीण कळवळून म्हणते, 'काही नाही होत गं.' तेवढ्या वाक्याने सराव वाया जातो. आणि चौथं, घरचेच डॉक्टर होतात. मेयर यांच्या उपचारात खोलीतलं नळाचं पाणी बंद ठेवलं होतं असं कुठे वाचलं, की कुणीतरी घरी जाऊन वरच्या टाकीचा कॉक फिरवतो. ते रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली होतं. घरात जबरदस्तीने पाणी तोडलं तर भांडण होतं, विश्वास जातो आणि धुणं दुसऱ्या नळावर सुरू होतं.

घरच्यांनी करण्यासारखं काम वेगळं आहे. आजवर आपण काय काय करत आलो, कोणती उत्तरं देतो, काय बदलून ठेवतो, याची यादी उपचारकासमोर बसून करायची आणि त्यातली एकेक गोष्ट, रुग्णाला आधी सांगून, कमी करायची. एका रात्रीत सगळं बंद करायचं नाही. मुलगी बाराव्यांदा विचारते, 'आई, मी नीट धुतले ना गं हात?' तेव्हा ओरडायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. 'तुला आत्ता त्रास होतोय हे दिसतंय मला. पण हा प्रश्न आजाराचा आहे, त्याला मी उत्तर देणार नाही, आपलं ठरलंय ना? चल, माझ्याबरोबर भाजी निवडायला बस.' पहिले काही दिवस मुलगी रडेल, चिडेल. आईला ते बघवणार नाही. या दिवसांत आईलाही कुणीतरी लागतं.

ओसीडीबरोबर नैराश्य बऱ्याचदा येतं. 'यापेक्षा मेलेलं बरं' असं कुणी बोलून दाखवलं, तर तो वैताग समजून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पुढे ताणाच्या काळात, म्हणजे परीक्षा, बाळंतपण, घरातला मृत्यू, जुना विचार पुन्हा डोकावतो. उपचार फसला असं त्यातून ठरत नाही. यादी पुन्हा काढायची, सराव पुन्हा सुरू करायचा, गरज वाटली तर डॉक्टरांना भेटायचं.

हे वाचताना आपल्याला स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं काही ओळखीचं वाटलं असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कुठला विचार येतो, तो आल्यावर आपण काय करतो, आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो. तोंडाने सांगायची लाज वाटली, तर तो कागद नुसता पुढे करा. उपचार सुरू व्हायला तेवढं पुरतं.